ऊनझरीला कधी जावं

पहाटे बंबापुढं बसल्या बसल्या शिवकन्याबाईंनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, आणि अणदूरच्या बिभीषण सलगर यांच्या सुरळीत चाललेल्या आयुष्याला चटके बसायला तिथून सुरुवात झाली.

व्हिडिओ ऊनझरीच्या भू-औष्णिक उद्यानाचा होता. नांदेडच्या पलीकडं, जंगलात, जमिनीतून आपोआप कढत पाणी वर येतं. त्याची बांधीव कुंडं केलेली, भोवती झाडं, बसायला बाकं. एक बाई त्या पाण्यात गळ्यापर्यंत बसली होती आणि डोळे मिटून हसत होती. शिवकन्याबाईंनी बंबात एक लाकूड सरकवलं, धुरानं आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसलं, व्हिडिओ पुन्हा लावला आणि अंगणात दात घासत उभ्या असलेल्या नवऱ्याला विचारलं,

"अहो, हे पाणी तापवतंय कोण?"

"कुणी न्हाय. जमिनीतच गरम असतंय ते. भूगर्भ."

"म्हंजे कुणी उठून जाळ लावत न्हाय?"

"न्हाय."

"मग मला तिथं न्या."

हे मागणं कुठून आलं ते कळायला सलगरांच्या घरातला आंघोळीचा क्रम ठाऊक हवा. पहिला नंबर बिभीषणरावांच्या आई बानूबाईंचा, कारण गुडघे. दुसरा बिभीषणरावांचा, कारण कचेरी. मग पोरं, मग पाहुणा, आणि त्या घरात पाहुणा नाही असा दिवस सहसा उगवत नाही. आत कुणीही असो, बाहेरून शिवकन्याबाईंचा आवाज जायचा, "पाणी गरम हाय का? आणखी घालू का?" सगळ्यांचं झालं की त्यांची पाळी. तोवर बंबातला जाळ विझलेला असायचा आणि तळाला जे उरायचं ते कोमट निघालं तर तो दिवस चांगला. लग्न होऊन आल्यापासून हा क्रम कुणी ठरवलाही नव्हता आणि मोडलाही नव्हता. घरात गिझर नव्हता असं नाही. होता. पण अणदूरच्या खाऱ्या पाण्यानं त्याची कॉइल कधीच खाल्ली होती, आणि विजेच्या पाण्यानं अंग खाजतं असं बानूबाईंचं म्हणणं होतं. तेव्हापासून गिझर भिंतीवर शोभेला होता आणि त्याच्यावर साबणाच्या वड्या ठेवत.

तर मागणं साधं होतं. पण कुठलीही गोष्ट साधेपणानं करणं बिभीषणरावांच्या रक्तातच नव्हतं. तालुक्याच्या कचेरीत साहेबांचे दौरे आखणं हे त्यांचं काम. साहेबांनी कुठल्या गावात कधी उतरावं, चहा कुणाकडं घ्यावा, तक्रार घेऊन येणारी माणसं नेमकी कोणत्या वेळी शेतात गुंतलेली असतात, या विषयाचा त्यांच्याइतका अभ्यास कुणाचा नव्हता. आखणीशिवाय केलेला प्रवास म्हणजे नुसतं भटकणं, असं ते म्हणत.

"जाऊ की," ते चूळ भरून म्हणाले. "पण योग्य वेळी जाऊ. कोणत्या महिन्यात जावं त्याचा आधी अभ्यास करावा लागंल."

त्याच वेळी टॉवेल खांद्यावर टाकून त्यांनी एसटी धरली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

अभ्यासाची सुरुवात त्यांनी थेट उद्यानाला फोन करून केली. बऱ्याच वेळानं पलीकडून एक झोपाळलेला आवाज आला.

"बेस्ट टाइम विंटर."

"विंटर म्हणजे नेमकं कधी?"

"थंडी असती तवा."

"थंडी नेमकी कधी असते?"

"साहेब, तुम्ही बोलताय कुठून?"

"धाराशिव जिल्हा."

"मग तुमच्याकडं नसंल," म्हणून पलीकडच्यानं फोन ठेवला.

आपल्या जिल्ह्यात थंडी नाही, हे एका परक्या माणसानं फोनवर सांगावं, हे बिभीषणरावांच्या मनाला फार लागलं. त्या दिवशी ते संध्याकाळभर स्वेटर घालून ओट्यावर बसले होते. मात्र हिवाळा नक्की झाला. त्यांनी तसं घरात जाहीर केलं, आणि बानूबाईंनी हातातली सुपारी खाली ठेवली.

इथं खंडोबाचा विषय येतो. अणदूरचा खंडोबा वर्षभर एका जागी बसून राहणारा देव नाही. थंडीच्या दिवसांत तो पालखीत बसतो, नळदुर्गला जातो, तिथली जत्रा उरकतो आणि मग परत अणदूरला येतो. वाटेत पालखी टेकते तेव्हा तिच्याखाली अंथरायची घोंगडी सलगरांच्या घरची. हा मान बिभीषणरावांच्या आजोबापणजोबांपासून चालत आलेला, आणि घरात या मानापुढं कचेरी, परीक्षा, लग्न, आजारपण यांतलं काहीच टिकत नसे.

"हिवाळ्यात देव हलतोय," बानूबाई म्हणाल्या. "देव परगावी आन् मानकऱ्याच्या घराला कुलूप, हे म्या आजवर पाह्यलं न्हाय. त्यो मधीच परत आला तर?"

"आई, देवाचं यायचं-जायचं ठरलेलं असतंय."

"तुझ्या साहेबाचं ठरलेलं असतंय. देवाचं तू मला सांगू नगंस."

साहेबांचे दौरे आखणाऱ्या माणसाच्या दौऱ्याला देवाचाच दौरा आडवा आला.

देव परत आल्यावरही थोडी थंडी उरते, तेवढ्यात जाऊन येऊ, असं त्यांनी मनाशी धरलं. पण शेजारी वीरप्पा होता. वीरप्पाची पिठाची गिरणी सलगरांच्या भिंतीला भिंत लावून आहे. गिरणी चालू असताना त्याला ऐकू येत नाही आणि बंद असताना तो कुणाचं ऐकत नाही.

"थंडीत गरम पाण्यातनं भाईर यायचं म्हंजे वारं भरतंय, साहेब," तो म्हणाला. "आमचा मेव्हणा हाय मुरुमला. कढत पाण्यानं न्हायला आन् तसाच ओट्यावर येऊन बसला. तोंड ह्या बाजूला गेलं." वीरप्पानं पीठ माखलेलं तोंड वाकडं करून दाखवलं, आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"आता कसा हाय?"

"आता बरा हाय. पण थंडीत आंघोळ म्हणलं की पळतंय."

वाकड्या तोंडानं परत येऊन साहेबांपुढं उभं राहायचं, हे चित्र काही बिभीषणरावांना पाहवेना. मग पावसाळ्याचा विचार सुरू झाला. पण पावसाळ्याच्या आड समोरच्या घरातले हिंमतराव आले. हिंमतरावांनी सगळा भारत पाहिलेला आहे, आणि ज्याला ते सांगायचं राहिलं असेल अशा माणसाच्या ते सतत शोधात असतात.

"पावसाळ्यात?" ते म्हणाले. "बिभीषणराव, मी गेलतो तसल्या एका ठिकाणी. वरचा नाला कुंडात घुसलेला. पाणी चहाच्या रंगाचं. मधी एक बेडूक बसलेला. तो बी माझ्याकडं बघून हैराण, मी बी त्याच्याकडं बघून हैराण. बिलकुल जाऊ नका."

पावसाळा गेला. दिवाळीत पाहुणे आले. पुन्हा थंडी आली, पुन्हा देव हलला. गिरणीच्या पायरीवर रोज संध्याकाळी हाच विषय. कुणी म्हणे श्रावणात जा, कुणी म्हणे श्रावण सोडून केव्हाही जा. हुरड्याच्या दिवसांत गाव सोडणारा माणूस मूर्ख, असं एकानं मोठ्यानं म्हटलं आणि बिभीषणरावांकडं पाहिलं. स्टँडवर ओळखीपाळखीची माणसं विचारू लागली, "काय सलगर, लागला का मुहूर्त?" दौरे आखण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नाही, त्या माणसाला वर्ष उलटून गेलं तरी बायकोला आंघोळीला नेणं जमेना. बिभीषणरावांनी स्टँडवरून जाणं सोडलं आणि ते मागच्या बोळातून जाऊन पुढच्या फाट्यावर कचेरीची एसटी धरू लागले.

शिवकन्याबाई मात्र एका शब्दानं काही बोलल्या नव्हत्या. मे महिन्यातल्या एका पहाटे, बंबातली राख काढता काढता, त्या म्हणाल्या,

"राहू द्या आता ते ऊनझरीचं. तुमी लई केलं माझ्यापायी. न्हाय जमत तर न्हाय. बंब हाय की."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बिभीषणरावांनी तो पचवला असता, त्यांना सवय होती. पण ती बाई खरंच मनापासून बोलत होती, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटलं. इतकं वाईट की त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आखणी न करता तोंड उघडलं.

"परवा जायचं."

"परवा? अहो, मे महिना हाय."

"असू दे."

रजेचं सांगायला ते साहेबांपुढं उभे राहिले. साहेबांनी विचारलं, कुठं? त्यांनी सांगितलं, गरम पाण्याच्या झऱ्याला. साहेबांनी खिडकीबाहेरच्या उन्हाकडं पाहिलं, मग बिभीषणरावांकडं पाहिलं, आणि अतिशय हळू आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मग शिपायाला हाक मारून सलगरांना माठातलं पाणी द्यायला सांगितलं.

आता नवराबायकोनं गुपचूप निघायचं. पण गावात गुपचूप म्हणजे फार तर गिरणी चालू असेपर्यंत.

"एवढ्या उन्हात तुमी एकटे जाणार?" हिंमतराव म्हणाले. "वाटेत काय झालं तर? आमी दोघं येतो."

"गिरणीतल्या उकाड्यापुढं कुठलंबी कुंड गारच म्हणायचं," वीरप्पा म्हणाला, आणि बायको व सासू अशी दोन नावं त्यानं परस्पर घातली.

"देव आता घरला हाय," बानूबाई म्हणाल्या. "कुलूप लागलं तर चालतंय, पोरं शेजारी ऱ्हातील. आन् माझं गुडघं." त्यांनी बसायला एक घोंगडी घडी करून घेतली. देवाची नव्हे, घरातली. पण देवाच्या घोंगडीची सख्खी बहीण.

तर दोघांची एसटी गेली आणि गावातल्याच महारुद्रची भाड्याची टेम्पो ट्रॅव्हलर आली. गाडीला एसी आहे, असं महारुद्रनं शपथेवर सांगितलं होतं, आणि तो खोटं बोलला नव्हता. एसी होता. तो बाहेरची हवा आत घ्यायचा, तिला आणखी थोडी तापवायचा आणि हिंमतरावांच्या मानेवर सोडायचा. औसा मागं पडेपर्यंत सगळ्यांचे चेहरे भट्टीतनं काढल्यासारखे झाले होते. लातूर ओलांडल्यावर माळरानात, जिथं सावलीला बाभळसुद्धा नव्हती, तिथं गाडीनं फुस्स करून रेडिएटरातून वाफ सोडली आणि ती उभी राहिली.

सगळे खाली उतरले. वाफेचा लोट वर जात होता. हिंमतराव कमरेवर हात ठेवून तो पाहत राहिले.

"बिभीषणराव," ते म्हणाले, "हे बघा, भूगर्भ."

यावर वीरप्पा हसला, त्याची सासू हसली, महारुद्र स्वतःची गाडी असून हसला. बिभीषणरावांना मुळीच हसू आलं नाही. पण त्यांनी वळून पाहिलं तर शिवकन्याबाई रस्त्याच्या कडेला खाली बसल्या होत्या आणि पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. ही बाई अशी हसते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. प्यायला आणलेलं सगळं पाणी रेडिएटरनं प्यायलं, आणि माणसांनी पुढचा रस्ता हिंमतरावांच्या लक्ष्मीबाईंनी आणलेल्या ताकावर काढला.

ऊनझरीला पोचायला ऊन उतरणीला लागलं. दारापाशी मोठा फलक होता. वर लिहिलं होतं, 'उद्यानास भेट देण्याचा उत्तम काळ', आणि त्याखाली जे काही रंगवलेलं होतं त्याचे पोपडे वाफेनं केव्हाच पडून गेले होते. बिभीषणरावांनी जवळ जाऊन उरल्यासुरल्या रंगावरून महिना लागतो का पाहिलं. चिंचेखाली बनियनवर झोपलेला पहारेकरी उठून आला.

"आत्ता?" तो म्हणाला.

"आत्ता."

"मे महिन्यात? कुणी पाठवलं तुम्हाला?"

आवाज फोनवरचाच होता. बिभीषणरावांनी ओळख दिली नाही.

जंगलाची जागा, म्हणून सूर्य मावळायच्या आत बाहेर पडायचं, हा तिथला नियम. पुरुषांचं कुंड मोठं आणि उघडं. बायकांचं भिंतीआड, लहान, एका वेळी एकीनंच उतरायचं असं. पुरुष मंडळी उतरली. हिंमतराव गळ्यापर्यंत बसून श्वास कसा सोडायचा ते सगळ्यांना शिकवू लागले. वीरप्पा उतरला तसं त्याच्याभोवतीचं पाणी हळूहळू पांढरं होत गेलं.

"वीरप्पा," हिंमतराव म्हणाले, "आणखी थोडा वेळ बसलास तर पिठलं व्हईल."

वर मे महिना, खाली भूगर्भ, आणि मधे बिभीषणराव. कानांत शिट्ट्या वाजू लागल्या तसे ते कसेबसे बाहेर आले, अंग पुसलं आणि लालबुंद चेहऱ्यानं बायकांच्या कुंडाकडं गेले. भिंतीबाहेर दगडावर शिवकन्याबाई बसल्या होत्या. मांडीवर सगळ्यांची लुगडी, खांद्यावर सगळ्यांच्या पिशव्या, पायाशी सगळ्यांच्या चपला. अंग कोरडं. भिंतीकडं तोंड करून त्या आतल्या बाईला विचारत होत्या,

"पाणी गरम हाय का?"

"तुझं झालं?" बिभीषणरावांनी विचारलं.

"न्हाय. समद्यांचं होऊ द्या."

पहिल्यांदा बानूबाई उतरल्या होत्या, कारण गुडघे. मग लक्ष्मीबाई, मग वीरप्पाची बायको, आणि आता आत वीरप्पाची सासू होती, जी पाण्यात बसून माहेरच्या आठवणी काढत होती. शिवकन्याबाईंना आपण शेवटी उरलो याचं काहीच वाटत नव्हतं. आंघोळ म्हणजे आधी बाकीच्यांची, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. बिभीषणरावांना मात्र त्या दगडावर बसलेली बायको पाहून आपण इतकी वर्षं काय आखत होतो ते एकदम कळलं, आणि कधी नव्हे ती लाज वाटली.

सासू बाहेर आली आणि पहारेकऱ्यानं शिट्टी मारली.

"चला, बंद."

"एक बाई राहिलीय," बिभीषणराव म्हणाले.

"उद्या या."

"हे बघा, मी शासकीय कर्मचारी आहे."

"मी बी."

"एवढा अपवाद करा."

"अपवादाला साहेबांची परवानगी लागती."

"साहेब कुठं आहेत?"

"दौऱ्यावर."

दौऱ्यावर म्हणजे नेमकं काय, हे त्या जंगलात बिभीषणरावांइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ते खचून दगडावर बसले. शिवकन्याबाई पिशव्या उचलत म्हणाल्या, "चला. पाह्यलं की म्या. बास झालं." आणि निघाल्यासुद्धा.

पण त्यांच्या पुढं बानूबाई होत्या. आंघोळीनं गुडघे मोकळे झालेले, केस ओले, कपाळावर भंडारा. त्या तुरुतुरु चालत उद्यानाच्या दारात गेल्या, दोन्ही खांबांच्या मधोमध घोंगडी अंथरली आणि मांडी घालून बसल्या. मांडी घातलेल्या बानूबाई बिभीषणरावांनी कित्येक वर्षांत पाहिल्या नव्हत्या.

"आजी, उठा. दार लावायचंय."

"लाव की. माझ्यासकट लाव."

"अहो, इथं वाघ येतो कवाकवा."

"येऊ दे. बसंल घोंगडीवर." बानूबाईंनी सुनेकडं बोट केलं. "ती रोज अंधारात उठून म्हातारीचं पाणी तापवती. मला आज कुंडात बसल्यावर कळलं, गरम पाण्यात निवांत बसायचं म्हंजे काय असतंय. तिला न्हाऊ दे. तवर मी हालायची न्हाय. तुझा साहेब दौऱ्यावरनं येऊ दे, न्हायतर वाघ येऊ दे."

पहारेकऱ्यानं बानूबाईंकडं पाहिलं, मावळतीकडं पाहिलं, टेम्पोवर टेकून मजा बघणाऱ्या महारुद्रकडं पाहिलं, आणि शिट्टी खिशात घातली.

"लवकर आटपा," तो म्हणाला. "मी काय बघितलं न्हाय."

शिवकन्याबाईंच्या हातातल्या पिशव्या लक्ष्मीबाईंनी काढून घेतल्या, तरी त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग भिंतीआड गेल्या. पाण्याचा थोडा आवाज झाला आणि थांबला. मग बराच वेळ काहीच नाही. बिभीषणराव भिंतीजवळ उभे होते आणि अशा वेळी नवऱ्यानं काय करायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं. शेवटी रोज पहाटे कानावर पडणारं वाक्यच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"पाणी गरम हाय का?"

आत पाणी एकदा हललं.

"हाय," मग त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "अहो, समद्यांच्या मागनं आले, तरी बी गरम हाय."

आवाज ओला होता. पाण्यात बसलेल्या माणसाचा आवाज ओलाच असणार, असं मत हिंमतरावांनी परतीच्या वाटेवर दिलं, पण त्यांच्या लक्ष्मीबाईंनी त्यांना गप्प बसवलं. गाडी वाटेत आणखी दोनदा बंद पडली. शिवकन्याबाईंना त्याचा पत्ता नव्हता. ओले केस पाठीवर सोडून, खिडकीला डोकं टेकून त्या अणदूर येईपर्यंत झोपल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी त्या उठल्या नाहीत. बिभीषणराव टॉवेल घेऊन अंगणात आले तर बंब थंड, आणि शेजारी बानूबाई बसलेल्या.

"जाळ लाव," त्या म्हणाल्या.

बिभीषणरावांनी जाळ लावला. आधी त्यांनी बंबात लाकडं भरली, मग ती काढून पाणी भरलं, मग पुन्हा लाकडं, आणि एवढा धूर केला की गिरणीतून वीरप्पा बादली घेऊन धावत आला. पाणी तापलं तेव्हा बिभीषणराव आपला दुसरा नंबर धरून उभे राहिले. बानूबाईंनी त्यांना हातानं बाजूला सारलं.

"आजपासनं आधी शिवकन्या," त्या म्हणाल्या. "मग मी. मग पोरं."

"आणि मी?"

"तुझं बघू."

शिवकन्याबाई आत गेल्या आणि लवकर बाहेर आल्या नाहीत. एका दिवसात माणसाला सवय लागते ती अशी. मग बानूबाई, मग पोरं, आणि त्या दिवशी नेमका भूमहून एक पाहुणा. बिभीषणरावांची पाळी आली तेव्हा बंब विझून गेला होता. त्यांनी पहिला तांब्या डोक्यावर घेतला आणि त्यांचा श्वासच अडकला.

बाहेर उन्हात केस विंचरत बसलेल्या शिवकन्याबाईंनी सवयीनं विचारलं, "पाणी गरम हाय का?"

"न्हाय," आतून कापरा आवाज आला. "गार हाय. लई गार हाय."

"मग असू द्या," त्या फणीतले केस काढत म्हणाल्या. "मे महिना हाय. गार पाण्याला हाच बेस्ट टाइम."